शेठचं घरटं चाकातच राहू दे

लंब्या,

हे लिहिणारच नव्हतो, पण उठल्या उठल्या तू पिंजरा साफ करायला घेशील. आपला हॅमस्टर आळशी झालेला नाही रे, शेठ म्हातारा झालाय. पळवत नाही म्हणून त्याने कागदाचे कपटे ओढून चाकातच घरटं केलंय. व्यायाम व्हावा म्हणून तू ते रोज उपसतोस आणि तो बिचारा पुन्हा एकेक कपटा ओढत बसतो. नको उपसूस. चाक हलू नये म्हणून चमचा अडकवलाय, दाणे जवळच ठेव.

मी घरी निघालोय. बाबांचे थोडेच दिवस उरलेत म्हणे. त्यांनी अंथरूण जन्मभर चालवलेल्या शिलाई मशीनपाशी घातलंय. दादा म्हणतो, उचलून आत नेऊ.

तुला शब्द देतो, मी त्यांना तिथून हलवू देणार नाही.