संशोधन म्हणजे दुरुस्ती

इंदूर, ७ ऑगस्ट १९५२

जेवण गेलं नाही. खिडकीखाली विहिरीची कप्पी कुरकुरतेच आहे.

माझी भाची प्रमिला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. उन्हाळ्याआधी तिने आमच्या गल्लीतल्या या विहिरीचं पाणी तपासलं. त्यात संडासांची घाण झिरपते, विहीर बंद करून नळ द्या, असा अहवाल तिने सरकारात दिला. वर मराठीत लिहिलं, ‘विहिरीविषयी संशोधन’.

आज दोघी कचेरीत गेलो, तर अहवाल कायदे खात्यात निघाला! हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती.

बाबू म्हणाला, “बाईजी, किस कानून में संशोधन है, ये तो लिखा ही नहीं.”

“पानी में है,” मी म्हटलं. “पीकर देखिए.”

तो हसला. “नया आवेदन दे दो, माताजी.”

प्रमिला हसली नाही. इतके महिने एकालाही पहिलं पान उलटावंसं वाटलं नाही? आमच्या कॉन्व्हेंटात न वाचता उत्तर देणारी मुलगी बाकावर उभी राहायची. इथे अशांना खुर्ची मिळते.

परवा समोरच्या शांताबाईंची सून पटकीने गेली. मागे तान्हं मूल. त्याच्या दुधातही हेच पाणी.

संध्याकाळी मुद्दाम गेले. म्हटलं, पाणी उकळून घ्या, विहीर खराब आहे.

“काहीतरीच, बाई! प्रमिलानं तर सरकारला लिहून दिलंय ना? खराब असती तर सरकारनं बंद नसती केली?” असं म्हणून शांताबाईंनी घागर उचलली.

कप्पी पुन्हा कुरकुरली.