शरूकचा पलंग

कैरो, गुरुवार

बाबा, तुमच्या हातांना ओठ लावून सलाम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा खोकला थांबला का?

कंपनी-कराचा वर्ग सुरू झालाय. काल आमच्या शिक्षकांनी, उस्ताद वजदींनी, विचारलं, "फर्निचरवाल्याने मुलीच्या लग्नासाठी स्वतःच्याच कंपनीतला पलंग घरी नेला. कर लागेल?"

मागून एक जण म्हणाला, "आधी जावयाला विचारा, झोप लागते का." सगळे हसले.

"लागेल," उस्ताद म्हणाले. "कायद्याने मालक वेगळा, कंपनी वेगळी. घरी नेला तरी तो विकला असंच धरायचं."

मी मान खाली घातली. शरूकताईसाठी तुम्ही आपल्या कंपनीत स्वतः कोरलेला पलंग डोळ्यांपुढे आला. लग्नाला नऊ दिवस असताना ती वारली, आणि तो अजून माडीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला आहे. कंपनीच्या हिशेबात एक पलंग कमी दिसतो, म्हणून "कोणाला विकला?" असं कर-अधिकारी दोनदा विचारून गेले. तुम्ही गप्प राहिलात, म्हणून त्यांना तुम्ही काही लपवताय असं वाटलं.

कागदावर काय लिहायचं ते मला आता कळलंय. रविवारी ते येतील तेव्हा त्यांना फक्त चहा द्या. मी शनिवारीच पोचते. पलंग कोणासाठी होता, ते तुम्हाला सांगावं लागणार नाही. मी सांगेन.

तुमची धाकटी,
रीहाम