सुलेखाचे रेकॉर्डिंग थांबू नये म्हणून

मी, एकनाथ बाळकृष्ण गुरव, वय एकोणपन्नास, मूळ राहणार मौजे वाठार, जिल्हा सातारा, सध्या राहणार शुगर लँड, टेक्सास, व्यवसाय ड्राफ्ट्समन, श्री भैरवनाथाचे स्मरण करून हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके शाबूत आहे. हृदय तेवढे नाही; येत्या गुरुवारी डॉक्टर ते उघडणार आहेत. ते म्हणतात, काळजीचे कारण नाही. मलाही फारशी काळजी नाही. पण मी नसताना माझ्याच नावाने माझ्या मनाविरुद्ध काही होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. वकील म्हणाला, टेक्सासात स्वहस्ते लिहिलेल्याला साक्षीदार लागत नाहीत. कायद्याला लागत नसतील, मला लागतात. का, ते चौथ्या कलमात आहे.

एक. घर, गाडी, बँकेतली शिल्लक आणि विमा हे सर्व माझी पत्नी सौ. सरला हिचे. तिने घर ठेवावे किंवा विकावे. तिला कोणी सल्ला देऊ नये. मी वीस वर्षे देऊन पाहिला आहे.

दोन. माझी ड्रॉइंगची पेटी ऑफिसातल्या संजीवला द्यावी. तो रेषा कंप्युटरवर काढतो आणि मला म्हणतो, "काका, ही पेटी म्युझियमला डोनेट करा यार." म्हणून त्यालाच.

तीन. गॅरेजमधल्या घडीच्या खुर्च्या मंडळ दर गणपतीला नेते, त्या आता मंडळाच्याच. गेल्या वर्षी अध्यक्ष कुमार यांनी माझ्या मुलीच्या, सुलेखाच्या, वादनाची दहा मिनिटे कॅन्सल केली आणि तिथे अंताक्षरी घातली. "मराठी कार्यक्रमात आयरिश कशाला?" असे ते माइकवरूनच म्हणाले. मी त्यांना क्षमा केली आहे. मात्र पुढे कधी ती वाजवील, तेव्हा त्यांनी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसून ऐकावे.

चार. सुलेखा आमची एकुलती एक मुलगी, वय एकोणीस. ती इलन पाइप्स वाजवते. आयर्लंडकडची ही सनईच, पण फुंकायची नाही. एका कोपराखाली भाता, दुसऱ्या कोपराखाली कातड्याची पिशवी, बोटे नळीवर आणि खाली एक स्वर अखंड चालू. मागच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमन श्री. डॉनेली आपल्या गॅरेजमध्ये वाजवत असत. ही अकरा वर्षांची असताना सायकल टाकून तिथे जाऊन बसली, ती अजून उठलेली नाही.

आमच्या घराण्यात देवळातल्या सनईची सेवा होती. माझ्या वडिलांशेजारी माझे चुलते केवळ सूर धरून बसत. मी डिप्लोमा करून इकडे आलो, आमच्या बाजूने ती सेवा संपली. त्याची खंत होती. डॉनेलींच्या गॅरेजमधून तो खालचा स्वर प्रथम ऐकला, तेव्हा मी रस्त्यात उभा राहून हात जोडले. खंत त्या दिवशी गेली.

सरलेचे थोरले बंधू श्रीरंगभाऊ यांना हे वाद्य पसंत नाही. ते आमच्या देवघराच्या दारात म्हणाले होते, "एकनाथराव, गाईचं कातडं हो ते! देवासमोर?"

मी म्हटले, "मृदंगावर काय मांजरपाट ताणतात, भाऊ?"

सरला म्हणाली, "आणि तोंड लागत नाही दादा, म्हणजे उष्टं तरी नाही." भाऊ त्या दिवशी चहा न घेता गेले.

आता मुख्य गोष्ट. अठरा व एकोणीस ऑक्टोबरला सुलेखाच्या एकटीच्या वादनाचे रेकॉर्डिंग आहे. साथीला कोणी नाही. बॉस्टनहून एक गृहस्थ यंत्रे घेऊन तेवढ्यासाठी येतील आणि पुढे आयर्लंडला निघून जातील. पुन्हा येऊ असे ते म्हणत नाहीत. ऑपरेशन नऊ तारखेला. मी गेलो, तर या तारखा सुतकात येतात.

सुलेखा परवा म्हणाली, "बाबा, आय कॅन कॅन्सल. रिअली. मामा म्हणतो, थर्टीन डेज नो म्युझिक."

"आणि तुला काय वाटतं?"

तिने पिशवीचा पट्टा घट्ट ओढला. मग म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट टु बी द गर्ल हू प्लेड एनीवे."

सुतक मी मानतो. आजी गेली तेव्हा वडिलांनी वाद्याला हात लावला नव्हता, आणि ते बरोबरच होते. पण त्यांची सनई चौदाव्या दिवशी देवळातच होती. हिचे बॉस्टनचे गृहस्थ तेव्हा नसतील. म्हणून मी, तिचा बाप, लिहून देतो की बाकीचे सर्व पाळावे, वाद्य वगळावे. यात काही दोष असेल तर तो माझा. भैरवनाथाशी मी बोलून घेईन. सुलेखाने ठरल्या तारखांना ठरलेलेच वाजवावे. नाचाच्या चाली गाळून सगळ्या रडक्या धुना घेऊ नयेत. तबकडीच्या वेष्टनावर माझा फोटो नको.

तेरा दिवसांचे सर्व काही श्रीरंगभाऊच पाहतील आणि सगळे त्यांचेच ऐकतील. म्हणून साक्षीदार तेच हवेत.

पाच. अस्थी सवडीने गावी न्याव्यात. त्यासाठी कोणी खास तिकीट काढू नये.

हे मी आनंदात लिहिले. कमी पडले असे काही आठवत नाही.

स्थळ: शुगर लँड
दिनांक: ५ ऑक्टोबर १९८६

(सही) एकनाथ बाळकृष्ण गुरव

साक्षीदार:

१. सुमित्रा देशमाने, शेजारीण. माझ्यासमोर सही झाली. (सही)

२. नवरात्रात असले कागद करू नयेत, हे मी सांगितले होते. सर्व वाचले. चौथे कलम शास्त्राला धरून नाही, असे माझे मत आहे व ते बदललेले नाही. तशी वेळ आलीच, तर अठरा तारखेला सुलेखाला मी स्वतः घेऊन जाईन. आत बसणार नाही. बाहेर गाडीत बसेन. काच खाली ठेवीन.

(सही) श्रीरंग क्षीरसागर