मलेशियातलं मुंगूस

१२ जून २०२४
आज पण भट्टी अर्धाच दिवस! मलेशियाला गेलेल्या समया तिकडच्या बंदरात अडकून पडल्यात. तिकडच्या इपोह गावचा जयकुमार — आधी आमच्याच मालकांचा, अप्पारावांचा माल विकायचा — त्यानं समईच्या बुडाखालचा मुंगसाचा शिक्का तिकडं स्वतःच्या नावावर नोंदवलाय. म्हणजे तिथं आमच्याच समया नकली! ते मुंगूस अप्पारावांच्या वडलांनी कोरलेलं. कुंभकोणमात कुणालाही विचारा. तिकडं कोण विचारतंय.

१४ जून
चेन्नईच्या वकीलबाई, नंदिता. फोन स्पीकरवर. तिथं अर्ज करायचा, जयकुमारची नोंद रद्द करून आमची करून मागायची. त्याची २००८ ची. त्याच्या आधीपासून आमचं मुंगूस चालू होतं ह्याचा पुरावा द्या म्हणाल्या. बिलं?
अप्पाराव हसले, त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "बिल कैचें, बाई? आमचे बाबा तोंडानें व्यापार करीत."
मग मला, धाकट्या भावाला म्हणतात तसं — "तंबी, जुन्या समया शोध." लग्नातल्या समईवर नाव, साल कोरतातच.
शोधतो. थंड भट्टीपुढं बसून तरी काय करू? पाय शिवशिवतात नुसते.

२९ जून
गावं फिरतोय. पट्टीश्वरम् झालं, आडुतुरै झालं. अकरा समयांचे फोटो. माझं तमिळ मोडकं, दारात उभा राहिलो की भंगारवाला समजतात. एका बाईनं आतून गळका तांब्या आणून हातात दिला!
येताना मामा दिसला. सातवीतून उचलून मला इथं आणलं तो हाच, त्याच्या सोनं गाळायच्या दुकानात. "काय भांडीवाले! ये की परत. झाडू ठेवलाय तुझ्यासाठी." माणसांसमोर.
परत तिथं नाही. अप्पारावांनी भट्टी माझ्या हातात दिली, कुणी मागं उभं राहून बघत नाही. ती विझली तर मामाचंच दार.

८ जुलै
नंदिताबाईंचा फोन. सगळे फोटो बिनकामाचे! इथल्या समया तिथं चालत नाहीत. मलेशियात विकलेली, तिथल्या घरात वापरलेली पाहिजे. हे आधी सांगता येत नव्हतं? का सांगितलं होतं, आणि आम्हा दोघांच्या डोक्यात शिरलं नाही? दमलो.

९ जुलै
सकाळी दात घासताना लक्षात आलं. जुनी समई द्या, नवी न्या — आमच्याकडं रीतच आहे. मलेशियातून परत आलेली माणसं पण देऊन जायची. काहींवर क्लांग, पिनांग कोरलेलं. त्या मी माझ्या हातानं मुशीत टाकल्या. चार वर्षं टाकतोय. तापली की अक्षरं आधी जातात.
अप्पारावांना सांगितलं.
"मींच टाक म्हणालों. तूं काय करशील?" आणि माझ्यासाठी कॉफी मागवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२१ जुलै, रविवार
मलेशियाहून परतलेल्यांचा माग काढत तिरुविसनल्लूर. वसंताआजी. नवरा पिनांगला कारकून होता, तो गेल्यावर परत आल्या. मराठी अप्पारावांसारखीच — आमच्या खानापुरात कुणी ऐकलं तर म्हणेल, आजी पोथी वाचतायत. समई देवापुढं जळत होती. वात आपोआप शांत होईपर्यंत बसलो. मग त्यांनीच उलटी करून दाखवली.
मुंगूस! कडेला तमिळमध्ये — वसंता, पिनांग, १९९४. तिथल्या दुकानदारानंच कोरून दिलेलं.
मागितली.
"दिवा घराबाहेर जात नाहीं. तूं करतोस काय?"
"भट्टी चालवतो."
"भट्टीवाल्याच्या हातीं दिवा देऊं? बरा आलास!"

२३ जुलै
नुसत्या फोटोनं भागत नाही. आजींनी नोटरीपुढं शपथेवर सांगायचं, समई सोबत पाहिजे. परत गेलो. फुलं नेली.
"ह्यांत तुझें काय जातें?"
खोटं सुचलं नाही. मुंगूस मिळालं तर भट्टी चालेल, नाहीतर मला मामाकडं झाडू मारायला जावं लागेल, म्हटलं.
मग सुनेला हाक — "रम्या, माझी रेशमी पट्टूसाडी काढून ठेव."

३ ऑगस्ट
आजी ऑटोतून आल्या. समई मांडीवर, पदराखाली. मी हात पुढं केला तर माझ्याकडं असं बघितलं! नोटरी म्हणाला, टेबलावर ठेवा. आजी — "तुम्ही वाका." तो वाकला! सही सावकाश, एकेक अक्षर.
निघताना मला — "भट्टी विझूं देऊं नको रे."
हो म्हटलं.

१७ सप्टेंबर
काही नाही.

९ ऑक्टोबर
जयकुमारनं माघार घेतली. आजींचा कागद बघून त्याच्या वकिलानंच सांगितलं म्हणे, लढू नका. पण आमची नोंद व्हायला अजून वेळ आहे. आधी जाहिरात, मग कुणाची हरकत आहे का ते बघायचं, मग पुढचं. अडकलेल्या समया परत आल्या. तिकडचं गिऱ्हाईक म्हणतं, कागद दाखवा, मग माल पाठवा.

१४ मार्च २०२५
भट्टी आठवड्यातून दोन दिवस. आईचा फोन — कधी येतोस? बघू म्हटलं.

३० ऑगस्ट
नंदिताबाई म्हणाल्या, हरकत कुणाची आली नाही. थांबा. थांबतोयच की! दुसरं काय करतोय.

१ डिसेंबर
मिळालं!! मलेशियाचा कागद आला, वर मुंगूस, खाली अप्पारावांचं नाव. अप्पारावांनी डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचला. मी भट्टी साफ केली, नवी मूस काढून ठेवली. आजींना फोन केला.
"जळते ना?"
उद्यापासून रोज जळणार, म्हटलं.

४ डिसेंबर
अप्पारावांनी मुंगूस विकलं. जयकुमारलाच. समया आता इपोहला ओतणार, इथं नाही. स्वतःच्या नावावर असल्याशिवाय विकता येत नव्हतं. मुलाचं म्हणाले — "कार्तिक चेन्नई सोडून येणार नाहीं, तंबी. मज आतां होत नाहीं." भिंतीकडं बघून बोलत होते. वडलांनी कोरलेला शिक्का फडक्यात बांधून ठेव म्हणाले, तू नीट बांधतोस. कुरिअरवाला चारला येतो.