वैशूची गोळी बदलली

रविवार, १२ जानेवारी. चाकण.

आज वैशूले पाहाले अकोल्याचे पाहुणे आले होते. मायनं फोनवर सांगतलं, "पसंत पडली रे. म्हणत होते, पोरगी लय शांत हाय."

शांत? माही बहीण? इथं कंपनीत कामाले लागलेल्या मले 'कंपनीचा मालक' म्हणून चिडवणारी, एका शब्दाले दहा शब्द देणारी?

ते शांतपण गोळीचं हाय. तिले मिरगी येते. चार वर्षं फेनिटोइन चालू होती. झटके बंद होते, डोकं तल्लख होतं, फक्त हिरड्या सुजल्या. हसताना तोंडावर ओढणी धरे. सोयरीक पाहाची म्हणून मायनं अमरावतीच्या डॉक्टरच्या मागं लागून गोळी बदलवून घेतली. आता फेनोबार्बिटोन हाय. झटके आताबी नाईत. हिरड्या हळूहळू बसल्या, पण पोरगी दिवसभर पेंगते. तवा म्या 'नको' काहून म्हटलं नाई? मलेबी त्या हिरड्याच दिसत होत्या. हिरड्या लोकाईले दिसतात. पेंग दिसत नाई, उलट तिले संस्कार म्हणतात.

मायले इचारलं, "त्याईले बिमारी सांगतली का?"

"लग्न झाल्यावर सांगू. तू तिकडून शहाणपण शिकवू नको."

मंग वैशूले फोन द्याले लावला.

"पोरगा कसा हाय वं?"

तिनं आधी जांभई दिली. मंग म्हणते, "दादा, मले झोप येऊन राहिली होती. म्या त्याले नीट पाह्यलंच नाई."