अनीशदादाची टर्की

डब्लिन, ओहायो
९ मार्च २०२५

ती. सुवर्णा मावशीस,
केदारचा सा. न. वि. वि. दोन्ही वि. तुझ्या पाया पडून लिहिलेत.

पाकीट उलटसुलट करून बघू नकोस, मीच आहे. आई म्हणाली, सुवर्णा या जन्मी तुझा फोन घेणार नाही, काय सांगायचंय ते हातानं लिही, अक्षराची तरी नक्कल करता येत नाही तुला. मी सहावीत नागपूर सोडलं. त्यानंतर मराठीत फक्त किराण्याची यादी लिहिलीये. ऱ्हस्व-दीर्घ तूच लावून घे.

आधी दिवाळीचं. अनीशदादा झोपला होता, त्याचा फोन टेबलावर होता, आणि माझ्या अंगात किडा आला. त्याच्या आवाजात तुला म्हणालो, आई, मी येतोय, चार दिवस राहीन. मला वाटलं दोन मिनिटांत पकडशील, शिव्या देशील, मग दोघं हसू. मी सगळ्यांचे आवाज काढतो, तुझाही काढतो, त्यात आई दोनदा फसलीये. पण तू शिव्या दिल्या नाहीस. फक्त कधी येतोस विचारलंस. तिथं थांबायला पाहिजे होतं. मी शुक्रवार म्हणालो. तू सुतार बोलावून दारापुढे व्हीलचेअरसाठी लाकडी उतार करून घेतलास, हे मला पुढच्या सोमवारी कळलं. चार महिने झाले, टायरच्या दुकानात जॅक लावताना पण तेच आठवतं. माफी कशी लिहितात ते मला येत नाही. तेवढी शाळा झालेली नाही.

दादाकडे दर शनिवारी सामान घेऊन जातो. बरा आहे म्हटलं तर खोटं, वाईट आहे म्हटलं तरी खोटं. दमलेला आहे. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत, एवढ्यातच त्याचा दिवस जातो. पण मागच्या महिन्यात त्याला एका क्लबचं पत्र आलं. म्हाताऱ्या शिकाऱ्यांचा क्लब आहे. जखमी झालेल्या सैनिकांना दर वसंतात टर्कीच्या शिकारीला नेतात. प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस लागतं. ते पत्र तीन आठवडे फ्रिजवर चिकटलेलं होतं. काल त्यानं विचारलं, सव्वीस एप्रिलला तुला काम आहे का. मावशी, दूध आणि ब्रेड सोडून त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं.

ही टर्की दुकानातली नाही, रानातली आहे, उडते. वसंतात मादीचा आवाज ऐकला की नर झाडीतून बाहेर येतो. म्हणजे मादीचा आवाज काढणारा कोणीतरी लागतो. मी काही बोललो नाही, तू समजून घे.

बंदूक असणार. आई म्हणते, आधी मावशीला विचार. जाऊ का?

आधी होता तेवढा लोभ मागत नाही, निम्म्यात भागवीन.
तुझा केदार


फ्रिस्को, टेक्सस
२१ मार्च २०२५

चि. केदारला,
अनेक आशीर्वाद. आज सवयीनं देते आहे, मनापासून नव्हे.

पत्र दोन दिवस ओट्यावर तसंच ठेवलं होतं. मग रविवारी मराठी शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासताना त्याच लाल पेनानं तुझंही तपासलं. एकेचाळीस चुका. त्या वर्गातली आठ वर्षांची रुही तुझ्यापेक्षा बरं लिहिते.

दिवाळीचं राहू दे. रागावायलाही ताकद लागते. तुझे काका गेल्यापासून या घरात बल्ब बदलायलाही मीच आणि रागवायलाही मीच. कंटाळा आला रे.

मला आधी एवढंच सांग. बंदूक कोणाची? शिकार झाली की ती कुठे जाणार? तो घरी एकटा असताना ती त्याच्या हाताशी असेल का? याचं उत्तर गमतीत देऊ नकोस. बाकी टर्की मारा की सोडा.

तो माझ्याशी का बोलत नाही हे तुला अर्धवट माहीत असेल, पुरतं सांगते. मी नको नको म्हणत असताना तो इथल्या सैन्यात गेला. अफगाणिस्तानातून त्याला जखमी आणलं, हॉस्पिटलात तो शुद्धीवर आला, आणि मी पहिलं वाक्य बोलले ते, "माझं ऐकलं असतंस तर." डॉक्टर होते, नर्स होती. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. त्याला पाच वर्षं झाली. माझ्या वाढदिवसाला फोनवर अंगठा येतो. मी विचारलं तर ‘ऑल गुड’ येतं. आवाज नाही.

जा त्याच्याबरोबर. पण जे बघशील तेच लिही, पदरचा एक शब्द घालू नकोस. हसला नाही तर हसला नाही असंच लिही. मला बरं वाटावं म्हणून काही रचलंस तर मला कळतं. फोन मात्र करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी त्यात दुसराच शोधत बसते.

जेवत जा, त्यालाही जेवायला लाव.
तुझी मावशी


डब्लिन
१३ एप्रिल २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. लाल पेन घेऊनच बस.

बंदुकीचं पहिलं. ती डेलची. डेल म्हणजे क्लबातले सत्तरीचे आजोबा, ज्यांच्या शेतात शिकार आहे. बंदूक त्यांच्या लोखंडी कपाटात असते आणि किल्ली त्यांच्या गळ्यात, देवाच्या लॉकेटसारखी. दादाच्या घरी ती कधीही येणार नाही. मी डेलला वेगळं घेऊन विचारलं. ते म्हणाले, हे विचारणारा तू पहिला नाहीस, विचारलंस ते बरं केलंस.

एकोणतीस मार्चला सरावाला गेलो होतो. दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, म्हणून बंदुकीला पुढून एक स्टँड लावतात. कागदावर टर्कीचं डोकं काढलेलं होतं. पहिला बार कुठे गेला देवाला माहीत. दुसरा कागदाच्या कडेला. तिसऱ्याला टर्कीला डोकंच राहिलं नाही. दादानं खुर्चीचा ब्रेक पुन्हा तपासला.

मग डेलनं मला लाकडी डबी दिली. झाकण घासलं की मादीसारखा आवाज येतो. माझ्या हातात ती गंजलेल्या बिजागरीसारखी रडली. मी डबी ठेवली आणि घशातून आवाज काढला. डेलनं कॉफीचा कप खाली ठेवला. कुठे शिकलास विचारलं. मी म्हटलं, तुमच्याकडूनच, दोन मिनिटांपूर्वी. ते म्हणाले, चाळीस वर्षं मी मूर्खासारखा डब्या विकत घेतोय. दादा हसला का? नाही हसला. डोळे मिटून ऐकत होता, आणि म्हणाला, पुन्हा कर.

आता वाईट. येताना गाडीत मी त्याला दिवाळीचं सांगून टाकलं. तुला खरं लिहायचं आणि त्याच्यापासून लपवायचं हे काही जमेना. त्यानं विचारलं, ती काय म्हणाली. मी सांगितलं, आणि उताराचं पण सांगितलं. घरापर्यंत तो काचेबाहेर बघत होता. उतरताना म्हणाला, पुढच्या शनिवारी येऊ नकोस. मी गेलोच. दार उघडलं नाही. दुधाचा डबा पायरीवर ठेवून आलो. बुधवारी मेसेज आला, शनिवारी दूध नको, अंडी आण. म्हणजे आम्ही सव्वीसला जातोय बहुतेक.

दमलोय मावशी. जोक मारून मारून माणूस दमतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

लोभ वाढवू नकोस, आहे तो फक्त घटवू नकोस.
तुझा केदार


डब्लिन
२७ एप्रिल २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. सगळं कालचं आहे, ताजं आहे, पदरचं काही नाही.

उजाडायच्या आधी पोचलो. डेलनं रानाच्या कडेला तंबू ठोकून ठेवला होता, पानांच्या रंगाचा, पुढे खिडकी. खुर्ची चिखलात रुतली. मी आणि डेलनं दादासकट उचलली. उचलताना दादा वर आभाळाकडे बघतो. मला ते माहीत आहे, म्हणून मी त्याच्याकडे बघत नाही. डेल कंबरेचं निमित्त काढून ट्रकमध्ये जाऊन बसले. तंबूत आम्ही दोघंच.

हलायचं नाही, बोलायचं नाही, टर्कीची नजर फार तिखट असते. तू मला ओळखतेस. वीस मिनिटं गप्प बसलो आणि घाम फुटला. मग पुटपुटायला लागलो, दादानं कोपर मारलं. मादीचा आवाज काढला, पुन्हा काढला. सात वाजले, आठ वाजले, एक खार येऊन गेली. नऊला सँडविच खाल्लं. दादाचं तोंड इतकं उतरलेलं होतं की मी विचारणार होतो, जायचं का घरी.

तेवढ्यात तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला, आता काढ. मी मादीचा काढला. तो म्हणाला, हा नाही, माझा. मॉमला जे बोललास ते बोल.

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, सांगतोय, विचारत नाहीये. मग काय करणार. बोललो, तुला ऐकवलं होतं तसंच, तेवढ्याच मोठ्यानं. आई, मी येतोय, चार दिवस राहीन.

आणि झाडीतून एक नर केवढ्यानं ओरडला. डेल नंतर म्हणाले, वसंतात ते कशालाही उत्तर देतात, गाडीचं दार आपटलं तरी. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी हसून हसून लोळलो असतो. दादा हसला नाही, मीही नाही. तो इंग्लिशमध्ये म्हणाला, मी तिला जन्मात कधी आई म्हटलेलं नाही, मॉम म्हणतो, मराठीत उत्तर पण देत नाही. मग तिला ते खरं कसं वाटलं? आणि ‘आई’ हा शब्द त्यानं ओठातल्या ओठात म्हणून बघितला असं मला वाटलं. शपथ घेणार नाही, कारण नर अजून जवळ ओरडला आणि मला पुन्हा मादी व्हावं लागलं.

आला तो. मान लाल-निळी, पिसं फुगवलेली, लग्नात नवरदेवाचा काका मिरवतो तसा. तीस पावलांवर आल्यावर दादानं बार काढला. एकच. पडला तो. दादानं बंदूक माझ्याकडे दिली आणि हात मांडीवर ठेवले. तो म्हणाला, दमलो. मी म्हटलं, मी पण.

बंदूक डेलच्या कपाटात गेली. कुलूप मी स्वतः बघितलं. डेलच्या स्वयंपाकघरात मी सावजी मसाल्यात टर्कीचा रस्सा केला. डेलच्या नाकाडोळ्यांतून पाणी, तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. दादा हसला, एकदाच, आवाज न करता. एवढंच झालं.

मावशी, यातून काही निघालं का ते मला कळत नाही. जाताना जेवढा गप्प होता तेवढाच येताना होता.

लोभाचं तू बघ.
तुझा केदार


फ्रिस्को
५ मे २०२५

चि. केदार,
अनेक आशीर्वाद, या खेपेला मनापासून.

गुरुवारी संध्याकाळी मी कणीक मळत होते. अनीशच्या नंबरावरून फोन आला. कोपरानं स्पीकर लावला. पलीकडून आवाज आला, आई, अनीश बोलतोय. मराठीत, आणि उच्चार नको तितके वाकडे. मला वाटलं, हा मेला केद्या, एवढं सगळं होऊन पुन्हा त्याचा फोन पळवून बसलाय, आणि या वेळी तर नक्कलही धड नाही.

मग मी तुला सोडलं नाही. कणकेचे हात तसेच, आणि तोंडाचा पट्टा सुरू. म्हटलं, गाढवा, तुला काय वाटतं मी दिवाळीला फसले? तुझ्या पहिल्या शब्दाला मला कळलं होतं. माझा मुलगा मला आई म्हणत नाही. तरी मी कधी येतोस विचारलं, कारण पाच वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या आवाजात ‘येतो’ म्हणालं होतं. सुताराला फोन केला तेव्हाही माहीत होतं. शुक्रवारी दिवसभर दाराशी बसले तेव्हाही माहीत होतं. मंडळातल्या प्रतिमाला आज येतोय म्हणून सांगितलं, तेही जाणून. तू वेड्यासारखं केलंस, आणि मी त्याहून वेड्यासारखं केलं.

मग थांबवेना. हॉस्पिटलातलं बोलले. म्हटलं, मला म्हणायचं होतं, तू आहेस, एवढं पुरे. पण मी घाबरले की माझ्या तोंडून रागच येतो, तुझ्या काकांना विचारायला हवं होतं, त्यांना माहीत होतं. ते वाक्य रोज माझ्या कानात वाजतं. त्याला हे सांगायची हिंमत नाही म्हणून तुला सांगते, आता जा आणि हस.

कोणी हसलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सात-आठ मिनिटं बोलतेय आणि पलीकडून शब्द नाही. फक्त श्वास. केदार, तुला सगळ्यांचे आवाज काढता येतात, पण तुला गप्प बसता येत नाही. माझं एक वाक्य तू कधी पुरं होऊ दिलेलं नाहीस. अनीश लहानपणापासून असाच. लागलं की गप्प होतो, पण उठून जात नाही.

मी ओट्याला धरलं आणि अनीश म्हणून हाक मारली.

तो म्हणाला, "गो ऑन, मॉम. आय ॲम हिअर."

त्यानंतर मला एक धड वाक्य सुचलं नाही. जेवलास का विचारलं. म्हणाला, फ्रीझरमध्ये अजून टर्की आहे, केदारचं तिखट फार आहे. मग म्हणाला, कम. एवढंच. मी एकवीस तारखेचं तिकीट काढलं आहे. त्याला अवघड वाटू नये म्हणून म्हटलं, जवळपास हॉटेल बघते. तो म्हणाला, सोफा आहे.

एअरपोर्टवर तू ये. वाटेत बोललास तरी चालेल, मला आता सवय झाली आहे. तुझ्यावर लोभ आहे, किती ते विचारू नकोस. आणि मला सोफ्यावर झोप लागत नाही हे त्याला सांगू नकोस.

तुझी
मावशी