उस्तादाच्या नावाचं झाकण

आण्णा, पान्याची ती टिचकी मला अजून ऐकू येते. पसरणीचा घाट चढण्याआधी तुम्ही वाईत ट्रक उभा करायचात, खाली उतरून सायलेन्सरवर पाना हळूच मारायचात. ठण्ण वाजलं की चेहरा खुलायचा. थप्प वाजलं की म्हणायचात, "छातीत काजळी बसलीया गड्या." मग नोझल, हवेची जाळी, सगळं बघितल्याशिवाय गाडी हलायची नाही. मी शेजारी बसून शाळेतली कविता म्हणत असे. ती संपली की तुमचा ठरलेला प्रश्न, "म्हटलीस झ्याक. मनात काय उरलं?" पंपावर धूर कमी करणारं औषध विकणारा आला, तेव्हा त्यालाही तुम्ही तेच विचारलंत, "काजळी जळती, ते कळलं. मागं काय उरतं?" त्यानं नुसता बाटलीचा भाव सांगितला. तुम्हालाही ठाऊक नव्हतं, पण विचारायला तुम्ही कधी लाजला नाहीत. पुढं जन्मभर कविता वाचत आलो, तो प्रश्न उशाशी ठेवूनच.

आता धूर दिसतसुद्धा नाही. नातू तुमचा, माझा पोरगा, फौजेत आहे, आणि नातसून पिकअप चालवते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सांगलीला पोचवते. तिच्या गाडीच्या धुराच्या नळीत मधाच्या पोळ्यासारखी जाळी आहे. काजळी तिथं अडते, आणि गाडी तापली की आपोआप जळून जाते. काजळी लवकर पेटावी म्हणून डिझेलमध्ये औषध टाकतात, टाकीभर डिझेलला एक झाकणभर. बरोबर जातो तो तुमचा जुना क्लीनर, आता माझ्याएवढाच म्हातारा. डिझेल भरणं, औषध ओतणं त्याच्याकडे. यंदा ऐन हंगामात जाळी तुंबल्याचा दिवा लागला, गाडी घाटात माणसासारखी धापा टाकू लागली. साताऱ्याच्या कारागिरानं जाळी उतरवली आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथं सापडलं. औषधात धातू असतो. काजळी जळते, त्या धातूची राख मात्र जळत नाही, जाळीतच बसते. मापात टाकलं तर ती भरायला पुष्कळ काळ जातो. इथं तर जाळी राखेनं गच्च झाली होती.

सुनेनं त्याला अंगणात गाठलं. "मामा, झाकण एक टाकत होता का दोन?"

"एक गाडीला, एक उस्तादाच्या नावानं," तो शांतपणे म्हणाला. "आमी कवापास्नं आसंच करतुय."

खरंच की. तुम्ही गेल्यापासून चहाचा पहिला घोटसुद्धा तो तुमच्या नावानं भुईवर सांडतो, मग पितो.

"आवं, आजेसासऱ्यांना औषध पाजून माझी गाडी मारली की तुमी," ती म्हणाली, आणि पुन्हा गाडीला हात लावू नका म्हणून बजावलं. तो चहा न घेता गेला, तो फिरकलाच नाही. चूक तिची नव्हती. कारागिरानं जाळी धुऊन, फुंकून बसवली आहे. दिवा पुन्हा लागला तर नवीच जाळी, आणि ती येईपर्यंत बागायतदार माल दुसऱ्याच्या गाडीत भरतील. हंगाम गेला म्हणजे वर्ष गेलं.

आज पहाटे ती एकटीच घाटाला गेली. मी सकाळपासून हे लिहीत बसलोय, एक डोळा फोनवर. आत्ताच तिचा फोन आला. पाचगणी आली, दिवा लागला नाही, गाडी कशी गात चढली म्हणाली.

पत्ता नसलेलं पत्र कुठं टाकणार? राहू दे इथंच. एक मात्र तुम्हालाच सांगतो, सुनेला सांगायची छाती नाही. ते दुसरं झाकण तुमच्या नावाचं होतं, हे ऐकलं तेव्हा मला रागच आला नाही. इतकी वर्षं झाली, आणि अजून कुणीतरी तुमचा वाटा काढून ठेवतंय, या सुखात मी गाडी विसरलो होतो.

कडी वाजली. सून तर वर पाचगणीला. बघतो तर तोच, तुमचा क्लीनर, उंबऱ्याबाहेर, टोपी हातात. आत येईना.

"पोरगी घाट चढली का?"

चढली म्हटलं, आत ये, बस. चहा टाकलाय, आण्णा. तुमचा पहिला घोट आज भुईवर सांडू देत नाही. त्यालाच पाजतो.